दत्तूसाठी सोडलेला श्वास

वन्संचा आकडा एकाहत्तर आला तेव्हा मी आधी मशीनवर एक थाप मारली. माहेरचा टीव्ही असाच ताळ्यावर यायचा. मशीन आलं नाही. एकाहत्तर म्हणजे एकाहत्तरच.

"किती?" खाली पडद्यासमोरच्या खुर्चीतून वन्संनी विचारलं. छातीभोवतीची पट्टी त्यांनी स्वतःच सोडून, चौकोनी घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवली होती.

"अजून मोजतंय, वन्सं."

"सुवर्णा, एकोणीस वर्षं मी मुलींना निकाल वाचून दाखवतेय. मोजतंय म्हणणाऱ्याचं तोंड असं नसतं."

हेमलता धुमाळ, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. हल्लीच्या मुली नणंदेला सरळ नावानं हाक मारतात. 'वन्सं' म्हणणाऱ्या आम्ही बहुधा शेवटच्या. वन्संनी लग्न केलं नाही. कराडातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर. राहायलाही तिथंच, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, म्हणजे कोण कधी उतरतं ते पावलांवरून कळतं. चौसष्ट मुली, आणि एकीची हिंमत नाही जेवणाच्या ताटात वांगं टाकायची. कुणाचं पेन घेतलं तर परत देताना वन्सं 'दोन ओळी लिहिल्या हं' असं सांगतात. अशा बाईला एकाहत्तर.

मर्यादा चाळीसची होती.

हे मशीन काय मोजतं ते सांगते. मी शारदा टॉकीजच्या तिकीट खिडकीवर होते. टॉकीज बंद पडून तिथं चाचणी केंद्र झालं तेव्हा खिडकीबरोबर मीही त्यांना मिळाले. तीन आठवड्यांचं प्रशिक्षण झालं, त्यात जे समजलं ते असं. माणूस तासाला दहा-बारा वेळा नकळत एक खोल श्वास घेतो, फुप्फुसातले मिटत चाललेले बारीक फुगे उघडावेत म्हणून. हे काम मेंदूच्या बुडाशी असलेला पेशींचा एक पुंजका करतो, हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान. त्याला आपली परवानगी लागत नाही. आणि भीती टळली की हाच पुंजका आपल्याला एक जादा श्वास सोडायला लावतो. आपण त्याला 'हुश्श' म्हणतो.

पुण्यातल्या काही हुशार तरुण मंडळींना असं आढळलं, की हा हुश्श कंटाळ्याच्या उसाशापासून आणि जांभईपासून वेगळा काढता येतो. आधी बरगड्या सैल पडतात, मग पोट, आणि त्याच क्षणी नाडी किंचित मंदावते. मुद्दाम करायला गेलं तर खांदे आधी हलतात आणि पट्टीला कळतं. म्हणजे तोंडानं काहीही सांगा, तुमचा जीव कुणासाठी टांगला होता हे आता पट्टी सांगणार.

मग त्यांनी सिनेमा बनवला. चाळीस मिनिटांचा. नायकाचं नाव दत्तू. दत्तू कुलुपं दुरुस्त करतो आणि संधी मिळाली की घरं फोडतो. पण म्हाताऱ्यांशी अदबीनं बोलतो, मुलीच्या वह्यांना स्वतः कव्हरं घालतो, हसला की एका गालाला खळी पडते. वाईट माणसात चिमूटभर चांगुलपणा घातला की तो अख्ख्या चांगल्या माणसापेक्षा गोड लागतो, हे सिनेमावाल्यांना आपल्या आज्यांच्या काळापासून माहीत आहे. यांनी फक्त ते मोजायला घेतलं. चाळीस मिनिटांत दत्तू सहा वेळा पकडला जाता जाता वाचतो. दर वेळी तुम्ही किती खोल हुश्श करता त्यावरून आकडा. आकडा मोठा, म्हणजे तुमचा जीव चोराकडे.

पुढे सरकारनं नियमच केला. ज्याच्या हाती दुसऱ्याच्या किल्ल्या, त्याची चाचणी. औषधांची कोठारं, शाळा, पाळणाघरं, वसतिगृहं. चाळीसच्या वर गेलात तर किल्ल्या खाली ठेवायच्या.

केंद्रात काम करणाऱ्यांचीही चाचणी झाली. मला बावीस. आमचे हे तर हसून हसून पलंगावरून पडायचे बाकी होते. कारण गेली पंचवीस वर्षं मी असल्याच मालिका बघत आलेय. दारूचे धंदे करणारे देखणे नायक, कायद्याला फसवणारे प्रेमळ बाप, खून करून आईच्या पाया पडणारे. वन्सं आमच्याकडे आल्या की दारातूनच विचारायच्या, "आज कुठल्या दरोडेखोराची आरती चाललीय?"

बावीस का, ते मला पक्कं माहीत होतं. दत्तू बाल्कनीत लपला तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं होतं. अजून सतरा मिनिटं शिल्लक. नायक आहे. आत्ता कसा सापडेल? ज्यानं असे शंभर दत्तू बघितलेत त्याचा श्वास कशाला अडकतोय? अडकतो तो ज्यानं एकही बघितला नाही त्याचा.

पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बावीस मिळाल्यावर माणूस गप्प बसतो.

"एकाहत्तर," मी शेवटी म्हणाले.

वन्सं उठल्या. पदर सारखा केला. "शंभरपैकी?"

"हो."

"म्हणजे पहिला वर्ग," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या चढून निघून गेल्या. दारापाशी त्यांनी भिंतीला हात टेकलेला मला दिसला. वन्सं कधी कशाला टेकत नाहीत.

तो सोमवार होता. अहवाल शुक्रवारी पाच वाजेपर्यंत पाठवायचा होता.

मंगळवारी सकाळी मी वसतिगृहावर गेले. वन्सं स्वयंपाकघरात उभ्या राहून पोह्यांवर लक्ष ठेवत होत्या. मला बघून त्यांनी एका मुलीला कोथिंबीर निवडायला लावली, हात पुसले आणि मला कोठीच्या खोलीत नेलं. तिथं डब्यांवर त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. रवा जाड. रवा बारीक. रवा उपमा.

"शनिवारपासून नवी बाई येईल म्हणून चिठ्ठ्या नव्या केल्या," त्या म्हणाल्या. "बारावीच्या पाटील मुलीला शेंगदाणे चालत नाहीत, तेही लिहून ठेवलंय."

"वन्सं, ऐका. अहवालात शेऱ्याची जागा असते. तिथं 'दमा' लिहिलं की चाचणी बाद होते. सहा महिन्यांनी पुन्हा. तोवर तुम्ही इथंच."

"मला दमा नाही."

"मला माहितीय."

"मग?"

"मग काय! लिहिते मी. सही माझी आहे."

वन्संनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता अंगठे धरून उभं करतील. "म्हणजे तू माझ्यासाठी खोटं लिहिणार. का, तर मी चोराच्या बाजूची नाही हे सिद्ध करायला."

उलटसुलट करून बघितलं तरी ते तसंच होतं.

"लिहिलंस ना," त्या शांतपणे म्हणाल्या, "तर तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. किल्ल्या ठेवीन. कुठंतरी खोली घेईन. पण कागदावर खोटं नको."

"कुठं खोली घेणार? आमच्याकडे या."

"तुझ्या दरोडेखोरांत?" असं म्हणाल्या खऱ्या, पण नीट चिकटलेली एक चिठ्ठी पुन्हा दाबून बसवली. चौसष्ट मुलींचा आवाज दाराबाहेरून येत होता. कुणाचा तरी मोजा हरवला होता आणि तो शोधायला वन्संनाच हाका चालू होत्या. नवी बाई आली तर ती मोजा शोधेलही. पण तो कुणाचा, हे मोजा बघून तिला सांगता येणार नव्हतं.

मला रडू आलं असतं, म्हणून मी कामाचं विचारलं. "वन्सं, मला एवढंच सांगा, तो दत्तू तुम्हाला इतका का आवडला?"

"कोण आवडला? मला तर त्याचा चेहराही आठवत नाही."

"मग तेविसाव्या मिनिटाला एवढा मोठा श्वास? तो त्या म्हातारीच्या घरात शिरतो, दागिने काढतो, बाहेरून कुलपात किल्ली फिरते…"

"ती म्हातारी!" वन्सं एकदम कडाडल्या. "अगं, ती बाई म्हणावी की कोण? पातेलं काठोकाठ भरलेलं, गॅस मोठा, आणि खुशाल डोळा लागलाय! दूध नुसतं वर वर वर येतंय आणि हा मेला कपाटात डोकं घालून बसलाय. माझा जीव नुसता… शेवटी जाता जाता बंद केला त्यानं गॅस. तेवढी तरी अक्कल."

मी रव्याच्या डब्यावर बसले.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "पुन्हा एकदा सांगा. दुधाचं."

केंद्रावर येऊन मी वन्संचा आलेख सेकंदासेकंदानं उलगडला. दत्तूचा हात गॅसच्या बटणाला लागतो बावीस मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांना. किल्ली फिरते, तो लपतो, वाचतो, हे सगळं त्यापुढं अकरा सेकंदांनी. वन्संच्या बरगड्या सैल पडल्या त्या बटणापाशी. चोर सुटायच्या कितीतरी आधी. मशीनला मात्र त्या टप्प्यावर एकच गोष्ट घडते असं शिकवलेलं होतं, त्यामुळे श्वास दत्तूच्या नावावर जमा झाला होता.

मग मी जुने आलेख काढले. आठ महिन्यांचे. चाळीसच्या वर गेलेल्यांत पाळणाघरांच्या बायका, शाळांमध्ये खिचडी शिजवणाऱ्या ताई, दवाखान्याच्या उपाहारगृहाचे बल्लवाचार्य. सगळ्यात वर, ब्याऐंशी, आप्पा शिंत्रे. तीस वर्षं चहाची गाडी चालवून आप्पा शाळेत पहारेकरी व्हायला निघाले होते. बिचारे चाचणीनंतर म्हणालेही होते, "ताई, छातीत कळ आल्यागत झालं बघा." मी पाणी दिलं होतं आणि आकडा पाठवून दिला होता.

हे आठवलं तेव्हा माझे कान गरम झाले. त्या सगळ्या आकड्यांखाली माझी सही होती.

बुधवारी सात जण चाचणीला यायचे होते. सातही स्वयंपाकातले. मी एक पुठ्ठा कापला आणि शिडी लावून पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर चिकटवला, बरोबर शेगडी येते तिथं. कुणी विचारलं तर पडदा फाटलाय म्हणून सांगितलं. हे मात्र खोटं होतं, पण तोंडी. सातांपैकी सहा जण चाळीसच्या आत आले. सातव्या बाईंचा आकडा सत्तावन्न. त्यांनी जाताना मला विचारलं, "त्याचं लग्न झालंय का हो?" त्यांचा तो आकडा खरा होता.

गुरुवारी मी पुण्याला दृश्यफोन लावला. हा सिनेमा आणि मशीन जुळवणारे डॉक्टर अन्वय बर्वे. वय असेल तिशीचं. घरूनच काम करत होते, मागं फुलझाडं होती. पुठ्ठ्याचं मी आधीच सांगून टाकलं.

"धुमाळ मॅडम, तुम्ही न विचारता चाचणीत बदल केलात."

"केला. पण आधी माझं ऐका. तिथं दूध आहे."

"कुठं?"

"गॅसवर."

त्यांनी कागद चाळले. "हो, कलादिग्दर्शकानं ठेवलंय. घर घरासारखं वाटावं म्हणून. त्याचं काय?"

"ते उतू चाललंय, डॉक्टर."

"बरं."

"बरं काय? उतू चाललंय!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मनापासून प्रयत्न करत होते हो, पण काही पोहोचत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. पुण्यात आता सगळ्या शेगड्या शहाण्या झाल्यात. भांड्यातलं वर आलं की आपोआप मंद होतात. या मुलानं जन्मात कधी दूध उतू जाताना बघितलेलं नव्हतं. दूध आणि माणूस यांच्यात काय भानगड असते हे त्याच्या मशीनला कोण शिकवणार?

"तुम्ही तो भाग लावता का? माझ्यासमोर?" मी म्हटलं. "बावीस मिनिटांपासून."

त्यांनी लावला. दत्तू कपाट उघडतो. म्हातारी घोरते. कोपऱ्यात पातेलं. डॉक्टर हनुवटीवर हात ठेवून शांत बघत होते. तेवढ्यात मागून वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन एक बाई जायला निघाल्या, आणि जागीच थांबल्या.

"अरे अरे अरे, गेलं! अन्वय, गॅस! गॅस बंद करायला सांग त्याला!"

"आई, तो सिनेमा आहे."

"असू दे! गेलं बघ… हां. केला. हुश्श." कपडे उराशी धरून त्या मोकळ्या झाल्या. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "चांगला दिसतो रे मुलगा. कोण आहे?"

डॉक्टर बर्व्यांनी फिल्म मागं घेतली. नंतर त्यांनी आईला समोर बसवलं, पट्टी बांधली, आणि मला म्हणाले, "अर्ध्या तासात फोन करतो."

वीस मिनिटांतच आला. आवाज उतरला होता. "आठ महिने. सगळ्या जिल्ह्यांत हीच फिल्म आहे. किती लोकांना आम्ही…"

"मीसुद्धा," मी म्हटलं. "पण परत बोलावता येईल ना?"

"सगळ्यांना बोलवू. आकडे आजच थांबवतो." मग थोडं चाचरत ते म्हणाले, "तुमच्या नणंदबाईंची उद्या राखीव फिल्मवर घ्या. दत्तूच आहे, गोष्ट दुसरी. तीत स्वयंपाकघर नाही, मी तपासलं. पण मॅडम, तिच्यात चाळीसच्या वर गेल्या तर मला काही करता येणार नाही. दूध सोडून जे उरेल ते त्यांचं."

ते रास्त होतं. पण दूध सोडून वन्संचं काय उरतं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? पंचवीस वर्षांच्या ओळखीत मी त्यांना एकदाही हुश्श करताना ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तीनला वन्सं आल्या. इस्त्रीची सुती साडी, हातात वसतिगृहाच्या किल्ल्यांचा जुडगा. "संध्याकाळी द्यायच्या झाल्या तर पुन्हा कशाला जा-ये," त्या म्हणाल्या. मी पट्टी बांधली. दिवे घालवले. वर येऊन आलेखासमोर बसले.

या गोष्टीत दत्तू चोरीचे दागिने पिशवीत घालून एसटीनं निघालाय, शेजारी त्याची मुलगी. तिचा दहावीचा पहिला पेपर, केंद्र तालुक्याच्या गावी. पिशवी एकच. वर वह्या, खाली बांगड्या. पहिल्या नाक्यावर पोलिस चढतात. वन्संची रेषा सपाट. ते नुसतेच उतरतात. रेषा सपाट. कंडक्टर दत्तूला ओळखतो आणि गप्प बसतो. बारीकसा उंचवटा. मी मनात म्हटलं, शाबास वन्सं, अशाच कठोर राहा. जन्मात पहिल्यांदा मला त्यांचा कठोरपणा हवा होता.

मग मुलीला आठवतं, प्रवेशपत्र. ती पिशवीत हात घालते. दत्तू तिचा हात धरतो. प्रवेशपत्र वह्यांत नाही. ते खाली घसरलंय, बांगड्यांत. पेपरला अर्धाच तास उरलाय. आणि रेषा चढायला लागली. अशी चढली, की मी टेबलाची कड धरली. दत्तू हळूच बोटं खाली नेतो, कागदाचा कोपरा लागतो, कागद बाहेर येतो, बांगडी वाजत नाही.

वन्संच्या बरगड्या सैल पडल्या. एवढा स्वच्छ, पुस्तकात छापावा असा हुश्श मी आठ महिन्यांत बघितला नव्हता. पडद्यावर पुढं आणखी एक नाका आला. हवालदारानं वाकून पिशवीवर हात ठेवला, आणि चाळीस मिनिटं संपली. पडदा पांढरा झाला. मशीन मोजायला लागलं.

एकेक अंक फिरत असताना मी काहीच बघितलं नाही, डोळे मिटले होते. उघडले तेव्हा अडतीस होता.

मी पायऱ्या उतरले की घसरले, ते आठवत नाही. "वन्सं! अडतीस! अडतीस आले!" मी त्यांना मिठीच मारली. आमच्या नात्यात तशी पद्धत नाही. त्यांच्या हातातला जुडगा माझ्या पाठीत रुतत होता. त्या आधी ताठ उभ्या राहिल्या, मग त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, आणि तिथंच राहिला.

"रडतेस काय, मेले," त्या म्हणाल्या. "अडतीस म्हणजे काठावर."

"काठावर तर काठावर."

पाचच्या आत मी अहवाल पाठवला. शेऱ्याची जागा कोरी. पुढच्या महिन्यात बाकीचेही एकेक करून परत आले. आप्पा शिंत्र्यांना सव्वीस मिळाले आणि ते शाळेत रुजू झाले. म्हातारीच्या पातेल्यात कंपनीनं आता पाणी ठेवलंय. डॉक्टर बर्वे सांगत होते, त्यामुळं गॅस फुकट चाललाय म्हणून एक वेगळाच उंचवटा येतो.

पण त्या शुक्रवारी वन्सं लगेच निघाल्या नाहीत. मी पट्ट्या आवरत होते, त्या रिकाम्या पडद्याकडे तोंड करून बसून राहिल्या.

"सुवर्णा, पुढचं लाव."

"पुढचं नाही, वन्सं. एवढाच आहे. चाचणीला शेवट लागत नाही, म्हणून त्यांनी केलाच नाही."

"म्हणजे? हवालदारानं पिशवीवर हात ठेवलाय आणि हे लोक घरी निघून गेले?" त्या खरंच चिडल्या होत्या. "तू एवढ्या बघतेस. सांग, काय होतं अशांचं?"

"तुम्ही सांगा. सुटावा का पकडावा?"

वन्संनी नीट विचार केला. उशिरा परतलेल्या मुलीच्या घरी कळवायचं की नाही, याचा करतात तसा.

"पकडलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "चोरी ती चोरी. बांगड्या ज्याच्या त्याला गेल्या पाहिजेत. पण पोरीची दहावी झाल्यावर."

"शेवटचा पेपर कधी असतो?"

"भूगोल. वीस-बावीस मार्चच्या सुमारास." त्या किल्ल्या कमरेला खोचत उठल्या. "मुलींच्या चहाची वेळ झाली. चल, तूही ये. तुझ्यापुरते पोहे काढून ठेवलेत सकाळचे."

मी दिवे घालवून त्यांच्यामागं निघाले. अजून जानेवारीच चालू होता. बावीस मार्चपर्यंत दत्तूच्या केसालाही धक्का लागणार नव्हता.